वस्तऱ्याच्या देठावरील इतिहास

नामपल्लीच्या बाग-ए-आममधील राज्य पुरातत्त्व संग्रहालयात दख्खनी शस्त्रास्त्रे काचेआड मांडलेली आहेत. तलवार, कट्यार, खंजीर यांपुढे प्रेक्षक क्षणभर थांबतो, माहितीची पाटी वाचतो आणि पुढे जातो. पोलादाचे आणखी एक हत्यार शतकानुशतके याच शहरात रोज सकाळी हजारो मानांवरून फिरत होते. त्याच्या वाट्याला मात्र काचही आली नाही आणि पाटीही नाही. ते हत्यार म्हणजे वस्तरा. पुराणापुलाजवळच्या जुमेरात बाजारात गंजलेल्या कुलपांच्या आणि फुटक्या चष्म्यांच्या ढिगात तो अजूनही क्वचित हाती लागतो. विकणारा त्याला ‘निजामाच्या काळचा’ म्हणतो आणि घेणारा त्या शब्दावर विश्वास ठेवतो. निजामाचा काळ सव्वादोनशे वर्षांचा होता. त्यामुळे या उत्तरातून वस्तऱ्याचे वय कळत नाही, विक्रेत्याची घाई तेवढी कळते.

वस्तऱ्याला आपल्या भाषेत आणि भक्तिपरंपरेत मानाचे स्थान आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. ‘वस्तरा’ हा शब्द फारसी ‘उस्तुरा’वरून आला. हैदराबादच्या उर्दूत तो आजही ‘उस्तरा’ म्हणूनच वावरतो. संस्कृतातील ‘क्षुर’ मराठीत स्वयंपाकघरातल्या सुरीच्या रूपाने उरला. वारकरी संतमालिकेतील सेना न्हावी यांना एक परंपरा बेदरच्या बादशहाच्या चाकरीत असल्याचे सांगते, आणि बेदर हे पुढे हैदराबाद संस्थानातलेच गाव. आपल्या व्यवसायाची सारी उपकरणे या संताने अध्यात्माची रूपके म्हणून वापरली. न्हाव्याच्या धोकटीतील वस्तऱ्याला असा साहित्यिक अधिकार लाभलेला असूनही त्याच्या इतिहासाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही.

जुन्या धोकटीतले वस्तरे स्थूलमानाने दोन जातींचे. एक गावच्या लोहाराने घडविलेला: पाते आखूड आणि रुंद, मूठ साधी लाकडी वा शिंगाची, अंगावर कोणतीही खूण नाही. अशा वस्तऱ्याचा काळ त्याच्याकडे पाहून ठरविता येत नाही. ज्या घराण्यातून तो आला त्याची हकीकत हाच त्याचा पुरावा, आणि ती हकीकत त्याच दिवशी लिहून घेतली नाही तर वस्तऱ्याबरोबर आलेली माहिती वस्तऱ्याआधीच नष्ट होते. दुसरी जात विलायती. इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन गावांनी एकोणिसाव्या शतकात जगभराच्या दाढ्यांचा मक्ताच घेतला होता. स्वीडनचे एस्किल्स्तुना आणि फ्रान्सचे थिएर ही गावेही या धंद्यात होती, पण आपल्याकडे मुख्यतः पहिल्या दोहोंचाच माल दिसतो. सिकंदराबादची छावणी १८०६ पासूनची. तेव्हा इंग्रज अंमलदारांच्या सामानातून काही विलायती वस्तरे लवकर आले असणे स्वाभाविक आहे. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबईच्या गोदीत उतरलेला माल थेट संस्थानात येऊ लागला. नामपल्लीचे स्थानक १९०७ चे. या दोन सालांचा संदर्भ मनात ठेवला तर हैदराबादच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आणि विसाव्याच्या आरंभीचे वस्तरेच अधिक का सापडावेत, हे सहज उमगते.

विलायती वस्तऱ्याचे वाचन त्याच्या देठापासून सुरू करावे. पाते संपून मुठीत शिरते तेथील धार नसलेल्या अरुंद भागाला येथे देठ म्हटले आहे. कारागिराची मुद्रा, गावाचे नाव आणि राजचिन्ह बहुधा येथेच ठोकलेले असते. ग्रंथालयाच्या सभासदांना एक उपमा जवळची वाटेल: देठ म्हणजे पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ आणि मूठ म्हणजे बांधणी. बांधणी फाटली की नवी घालतात, त्याप्रमाणे मूठ तडकली की न्हावी दुसऱ्या वस्तऱ्याची मूठ काढून बसवीत असे. म्हणून केवळ सुंदर मुठीवरून काळ ठरविणारा मनुष्य नव्या पुठ्ठ्यावरून पोथीचे वय सांगणाऱ्याच्याच पंक्तीत बसतो.

पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक फसगत असते. आतल्या पानावर पहिल्या आवृत्तीचे साल छापलेले असते आणि हातात असते ती पंधरावी आवृत्ती. वस्तऱ्यांचेही नेमके असेच आहे. झोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याने जुळ्या माणसांची मुद्रा १७३१ मध्ये तेथील कारागिरांच्या संघाकडे नोंदविली. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स पेढीची तारा आणि माल्टी क्रूस ही मुद्रा मुळात १६८२ साली दुसऱ्याच एका कारागिराला मिळालेली होती. ती १७६४ मध्ये रॉजर्स घराण्याकडे आली. पुढे दीडदोनशे वर्षांनी निघालेल्या मालावरही ही जुनी साले अभिमानाने मिरविली जात. १७३१ हा आकडा पाहून पेशवाईतला वस्तरा सापडल्याचा आनंद मानणारे संग्राहक आहेत. पात्यावर कोरलेले साल हे बहुधा पेढीच्या जन्माचे साल असते, पात्याच्या नव्हे. मुद्रा ही मालमत्ता असून ती विकली जाते, वारसाने जाते, भाड्यानेही दिली जाते. शेफील्डच्या कारागिरांचा संघ १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला तेव्हापासून अशा मुद्रांची नोंद राहिली, आणि १७८७ च्या शेफील्डच्या व्यापारी निर्देशिकेत तर मुद्रांच्या आकृतीच छापलेल्या आहेत. अशा निर्देशिकांतून पेढीचे नाव आणि पत्ता केव्हापासून केव्हापर्यंत एकत्र दिसतो हे पडताळून पाहणे, हा काळ ठरविण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग होय.

राजचिन्हाचे प्रकरण अधिक मनोरंजक आहे. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१. ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ असतील तर चौथा विल्यम, १८३० ते १८३७. इतक्या अल्प कारकिर्दीमुळे ही खूण संग्राहकांना विशेष प्रिय आहे. पण ‘जी’ आणि ‘आर’ आढळली तर? चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला आणि पाचवा जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला. एकाच अक्षरजोडीच्या मागे ऐंशी वर्षांची दरी आहे. ती दरी ओलांडण्यासाठी देठ सोडून पात्याकडे वळावे लागते.

पाते आडवे धरून त्याच्या टोकाकडून पाहिले तर त्याचा छेद दिसतो. जुन्या पात्याचा छेद पाचरीसारखा असतो: पाठीशी जाड आणि धारेकडे सरळ उतरत गेलेला. अठराव्या शतकातील पाती सडपातळ, पाते आणि देठ यांच्यामध्ये खांदा नाही आणि बोट टेकविण्यासाठी मागे शेपटीही नाही, असली तर अगदी टिचभर. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शेपटी लांबत गेली, बोट घसरू नये म्हणून देठाखाली कानशीने बारीक खाचा पडू लागल्या, आणि १८३० च्या सुमारास खांदा स्पष्ट झाला. शतकाच्या मध्यावर शेफील्डने इतकी रुंद आणि वजनदार पाती काढली की त्यांना वस्तरा म्हणावे की कोयता, असा प्रश्न पडावा. त्यानंतर, विशेषतः १८७० नंतर, झोलिंगेनने पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासण्याची कला पराकोटीला नेली. अशा पात्याच्या धारेवर अंगठ्याचे नख हलकेच दाबले तर ती किंचित लवते, आणि दाढी करताना त्यातून बारीक नाद निघतो. आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘जी आर’ अक्षरांचे पाते पाचरीच्या छेदाचे व बिनखांद्याचे असेल तर ते चौथ्या जॉर्जच्या काळचे. खोलगट असून त्यावर ‘शेफील्ड इंग्लंड’ असे लिहिलेले असेल तर ते पाचव्या जॉर्जच्या काळचे किंवा त्याहूनही अलीकडचे.

देशाचे नाव लिहिण्यामागे कायदा होता, कारागिराचा देशाभिमान नव्हे. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये व्यापारी मुद्रांविषयीचे कायदे केले. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून ‘इंग्लंड’ वा ‘जर्मनी’ हा शब्द असलेला वस्तरा बहुतांशी १८९० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा मानावा. ‘पश्चिम जर्मनी’ असे लिहिलेला १९४९ पूर्वीचा असूच शकत नाही. याच्या उलट अनुमान मात्र काढू नये. देशाचे नाव नाही म्हणून वस्तरा जुना, असे ठरत नाही. मायदेशी विकायच्या मालावर ते लिहिण्याची गरजच नव्हती.

मुठीची साक्ष दुय्यम असली तरी अगदीच टाकाऊ नाही. शिंग, हाड, हस्तिदंत आणि कासवाचे कवच ही जुनी द्रव्ये. कठीण रबराची मूठ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची नसते, सेल्युलॉइडची १८७० पूर्वीची नसते आणि बेकेलाइटची तर विसाव्या शतकातलीच. हस्तिदंताच्या नावाने सेल्युलॉइड विकणे हा जुन्या बाजाराचा आवडता खेळ आहे. खऱ्या हस्तिदंताच्या काटछेदात एकमेकींना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषांची जाळी दिसते, हाडात बारीक काळसर छिद्रे दिसतात, आणि सेल्युलॉइड बोटाने जोराने घासले तर कापराचा वास येतो. सेल्युलॉइडचा एक दुर्गुण ध्यानात ठेवावा: ते जुने होऊन कुजू लागले की त्यातून निघणाऱ्या वाफेने पाते गंजते, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या वस्तऱ्यालाही ती बाधा होते. हस्तिदंताच्या खरेदीविक्रीला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे आणि कासवाच्या कवचाचीही तीच गत आहे. आजोबांची वस्तू घरात जपणे वेगळे आणि बाजारात मांडणे वेगळे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही, हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे बंधनही परदेशस्थ आप्तांना भेटी धाडणाऱ्यांनी विसरू नये.

कधी एखाद्या पात्याच्या पाठीवर केवळ एका वाराचे इंग्रजी नाव कोरलेले आढळते. हा सात वस्तऱ्यांच्या पेटीतला एक भावंड होय. श्रीमंत लोक आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळा वस्तरा ठेवीत, कारण पोलादाला विश्रांती दिली की धार टिकते असा समज होता. पेटी फुटते, भावंडे पांगतात आणि शुक्रवार एकटाच बाजारात येतो.

आता त्या दोन शब्दांकडे वळले पाहिजे, ज्यांचा संबंध हैदराबादशी सर्वांत निकटचा आहे आणि ज्यांची दखल सर्वांत कमी घेतली गेली. शेफील्डच्या अनेक वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’, म्हणजे ‘रुपेरी पोलाद’, असे शब्द असतात. अशा वस्तऱ्याचा काळ १८२० पूर्वीचा नसतो, एवढा नियम संग्राहकांना ठाऊक असतो. तो नियम का आहे, हे पाहू लागले की वाट तेलंगणात येऊन पोहोचते.

१७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदी पोलादाच्या काही वड्या पाठविल्या. या पोलादाला इंग्रजांनी ‘वूट्झ’ असे नाव दिले; तेलुगू व कानडी ‘उक्कु’ या शब्दाचाच तो अपभ्रंश असावा, असे सामान्यतः मानले जाते. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्याची परीक्षा केली. त्या वेळी जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनमधील कारागिराने त्या पोलादाचा चाकू घडवून पाहिला आणि तो इतका मोहित झाला की, स्ट्रँड रस्त्यावरील आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्याने शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे हिंदुस्थानच्या वूट्झचे बनवितो असे छापले. युरोपातील उत्तमोत्तम पोलादापेक्षा आपण ते पसंत करतो, असेही त्यात नमूद केले. शेफील्डच्या पोलादाचा डंका जगभर वाजत असताना राजधानीतला एक नामांकित कारागीर दक्षिणी भट्टीच्या पोलादाची ग्वाही देतो, ही गोष्ट सामान्य नव्हे.

हेच पोलाद इंग्लंडात तयार करता यावे म्हणून स्टोडार्टने मायकेल फॅरेडे या तरुण शास्त्रज्ञाला जोडीला घेतले. विजेच्या शोधांनी पुढे अमर झालेला फॅरेडे लोहाराचा मुलगा होता, हे येथे आठवावे. त्याने १८१९ मध्ये वूट्झच्या पृथक्करणाविषयी लिहिले, आणि १८२० व १८२२ मध्ये दोघांनी मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पोलादात पाचशे भागांस एक भाग चांदी मिसळली तर ते उत्तम होते, असे त्यांना आढळले. शेफील्डच्या ग्रीन, पिक्सले आणि कंपनीने त्यांच्या मिश्रधातूंचा व्यापारी वापर करून पाहिला. फॅरेडे स्वतः आपल्या मिश्रधातूचे वस्तरे मित्रांना भेट देत असे. त्याचे पोलादाचे नमुने शतकभर एका पेटीत पडून होते. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते तपासून १९३१ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. दरम्यान शेफील्डच्या इतर पेढ्यांनी ‘रुपेरी पोलाद’ हे शब्द तेवढे उचलले. चांदी घालण्याचा खर्च कोणी सोसावा? जाहिरातीला शब्द पुरेसा होता. म्हणून वस्तऱ्यावरचा सर्वांत मोठ्या आवाजाचा शब्द सर्वांत कमी भरवशाचा असतो. काळाची खालची मर्यादा सांगण्यापुरता मात्र तो उपयोगी पडतो.

मूळ पोलाद जेथे होत होते त्या ठिकाणांपैकी एक, कोनासमुद्रम, निजामाबाद जिल्ह्यात आहे. लॅम्बटनच्या मोजणी खात्यातील डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ एच. डब्ल्यू. वॉयसी यांनी तेथील भट्ट्या स्वतः पाहिल्या. त्यांचा वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड एकत्र करून बंद मुशीत दीर्घकाळ तापविणे, मूस हळूहळू निवू देणे आणि निघालेली वडी पुन्हा भाजून मवाळ करणे, अशी ती कृती होती. इराणहून आलेले व्यापारी या लहानशा गावात मुक्काम ठोकून पोलाद खरेदी करीत असल्याचे वॉयसी यांनी नोंदविले आहे. मराठीतील ‘पोलाद’ हा शब्द फारसीतून आलेला, आणि फारसी बोलणारे ते विकत घ्यायला येथे येत! माल येथून गेला आणि शब्द तेथून आला, असा हा व्यवहार दिसतो. लंडनच्या प्रत्येक वूट्झ वस्तऱ्यात कोनासमुद्रमचेच पोलाद होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. म्हैसूर आणि सेलमकडेही अशा भट्ट्या होत्या. परंतु ‘रुपेरी पोलाद’ या शब्दांचा जन्म ज्या स्पर्धेतून झाला, तिच्या एका टोकाला तेलंगणाचे अनाम मुशीवाले कारागीर होते. त्यांची मुद्रा कोणत्याही देठावर उमटलेली नाही.

या अनुषंगाने एका चकव्याचा उल्लेख करणे अवश्य आहे. एखाद्या जुन्या सुरीवर वा वस्तऱ्यावर ‘निजामाबाद’ असे नाव आढळले, तर ते आपल्या निजामाबादचे मानण्याची घाई करू नये. पंजाबात वझिराबादजवळ निजामाबाद नावाचे गाव असून चाकूसुऱ्यांच्या धंद्यासाठी ते प्रसिद्ध होते. आपले निजामाबाद विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंदूर या नावाने ओळखले जात होते. अभिमानाने केलेली चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक अपाय करते.

वस्तऱ्याचे राज्य कसे संपले, हे थोडक्यात सांगता येईल. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये बदलत्या पात्याच्या यंत्राचा हक्क मिळाला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ती यंत्रे वाटली गेली आणि सुशिक्षित घरांतून वस्तरा हळूहळू हद्दपार झाला. न्हाव्याच्या दुकानात तो आणखी बराच काळ टिकला. विसाव्या शतकाच्या अखेरीस रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती वाढली तेव्हा ब्लेडचा अर्धा तुकडा बसविण्याची मूठ आली, आणि निसणा व चामड्याचा पट्टा यांचे कामच उरले नाही. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण ज्या धोकट्या तीन पिढ्या घरात टांगलेल्या होत्या, त्या भंगाराच्या वजनाने विकल्या गेल्या.

खरा नाश होतो तो त्यानंतर. भंगारातून उचललेला वस्तरा गिऱ्हाइकाला चकचकीत दिसावा म्हणून विक्रेता तो पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरतो. मिनिटभरात गंज जातो, आणि त्याबरोबर देठावरची उथळ मुद्रा आणि पात्यावरची बारीक नक्षीही जाते. उरते ते आरशासारखे, बिननावाचे पोलाद. गंजलेला, तडकलेल्या मुठीचा पण स्पष्ट मुद्रेचा वस्तरा अशा चकचकीत पात्यापेक्षा अभ्यासाला कितीतरी मोलाचा असतो. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या हिश्शांत मोजतात. पुन्हा पुन्हा दगडावर घासून ती कमी होते आणि पाठीवर सपाट पट्टा उमटतो. ती झीजही पुसून टाकू नये, कारण वस्तरा मिरविण्यासाठी होता की पोट भरण्यासाठी, हे तीच सांगते.

ज्यांच्या घरी असा एखादा वस्तरा असेल त्यांनी त्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा, सेल्युलॉइडची मूठ असल्यास तो वेगळा आणि उघड्या हवेत ठेवावा, आणि देठाच्या दोन्ही बाजूंची अक्षरे तिरप्या उजेडात वाचून कागदावर उतरवून घ्यावीत. त्याच कागदावर तो कोणाचा, कोठून आला आणि कोणाच्या हातून आला हेही लिहावे. न्हाव्याच्या घरातून आलेला असेल तर त्या कारागिराचे नाव आधी लिहावे आणि शेफील्डच्या पेढीचे नंतर.